ढेकूणमामांचं शंभर टक्के 'नाही'

ढेकूणमामांचा धंदा ढेकूण मारण्याचा आणि हौस देव नाही असं सांगण्याची. धंद्यात ते जितके सावध, तितकेच हौसेत बेफाम.

चौतीस वर्षं ते लोकांच्या गाद्या उलट्यापालट्या करत आले होते. वसतिगृहं, लॉज, दवाखाने, नव्या जोडप्यांचे पलंग, एकदा तर एका न्यायाधीशांची खुर्ची. पिशवीत टॉर्च, भिंग, पुठ्ठ्याचा एक पातळ तुकडा आणि औषधाचा पंप. पुठ्ठा गादीच्या शिवणीतून असा अलगद फिरवायचे, की आत कोणी असेलच तर त्याला वाटावं, कोणीतरी आपली विचारपूस करतंय. काम झालं की छापील पुस्तकातला एक कागद फाडून द्यायचे. कागदावर नेहमी एकच वाक्य असायचं: 'तपासणीत ढेकूण आढळले नाहीत.'

गिऱ्हाईक म्हणायचं, "मामा, सरळ 'नाहीत' असं लिहा की."

"मला आढळले नाहीत, एवढं मी सांगू शकतो," मामा म्हणायचे. "ते नाहीत, हे सांगायला ढेकणालाच बोलवावं लागेल."

या सावधपणाला कारण होतं. धंद्याच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका लॉजच्या मालकाला 'एकही नाही' असं ठणकावून लिहून दिलं होतं. पलंग पाहिले, गाद्या पाहिल्या, पडद्यांची दुमड पाहिली, विजेच्या बटणांची झाकणंसुद्धा उघडली. भिंतीवरचं घड्याळ तेवढं पाहिलं नाही. घड्याळाच्या पाठीत अख्खं खानदान नांदत होतं. लॉजमालकाने तो कागद काच लावून गल्ल्याशेजारी टांगला आणि येईल त्याला वाचून दाखवू लागला. तेव्हापासून मामांच्या तोंडून ढेकणांच्या बाबतीत नुसता 'नाहीत' हा शब्द कोणी ऐकला नव्हता.

देवाच्या बाबतीत मात्र दुसरा शब्दच नव्हता. केशकर्तनालयाच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, इतकंच काय, एकदा प्रेतयात्रेतसुद्धा कोणी विषय काढायचा अवकाश, मामा म्हणायचे, "नाही. शंभर टक्के नाही."

"एवढी खात्री?"

"अहो, भिंतीवरची देवाची तसबीर लोक समोरून बघतात. मी रोज काढून मागून बघतो. मागे काय असतं, मला विचारा. भिंत असते."

हे वाक्य त्यांना फार आवडायचं. घरी मात्र त्याला दाद नव्हती. बायको कशालाच विरोध करायची नाही, नुसतं "बरं" म्हणायची आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत राहायची. 'बरं' म्हणणाऱ्या माणसाशी काय कप्पाळ वाद घालणार? म्हणून गेली कित्येक वर्षं मामा रोज संध्याकाळी दोन गल्ल्या ओलांडून थोरल्या बहिणीकडे जायचे. ताई अडुसष्ट वर्षांच्या, मामांपेक्षा सात वर्षांनी मोठ्या, देवभोळ्या आणि जिभेच्या तिखट. चहाचा कप पुढे ठेवतानाच त्या म्हणायच्या, "या नास्तिक. आज देवाने पाठवलं वाटतं?" की झालं सुरू. तास-दीड तास दोघं असे कडकडून भांडायचे, की शेजारची बाई आपला रेडिओ बंद करून ऐकत बसायची. भांडण संपलं की मामा हलके होऊन घरी जायचे आणि गाढ झोपायचे.

चार महिन्यांपूर्वी ताई एका लांबच्या प्रवासाहून आल्या आणि त्यांच्या कापडी पिशवीच्या शिवणीत एक ढेकूण निघाला. एकच. मामांनी पिशवी जाळली, खोलीला औषध मारलं, पंधरा दिवसांनी पुन्हा मारलं. पण ताईंना चावायचं थांबेना. यजमान गेल्यापासून त्या पलंगावर त्या एकट्याच झोपायच्या. आता पलंगाला पाठ टेकली की पोटरीला खाज, मग मानेला, मग जिथे हात पोचत नाही नेमकं तिथे. शेवटी पलंग सोडून त्या पुढच्या खोलीतल्या आरामखुर्चीत बसून राहू लागल्या. डोळ्यांखाली काळं आलं. एकदा गॅसवर दूध ठेवून त्यांना खुर्चीतच डुलकी लागली आणि भांडं जळून कोळसा झालं.

ते ऐकून दुसऱ्या शहरात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा धावत आला. जळकं भांडं हातात घेऊन त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"आई, ढेकूण असतील तर या घरात राहण्यात अर्थ नाही. आणि नसतील तर..." तो अडखळला. "तर तू एकटीने राहण्यात अर्थ नाही. तीन आठवड्यांनी मी तुला न्यायला येतो. रविवारी."

"अकराव्या मजल्यावर? मला कबुतर समजलास का रे?"

"तिथे लिफ्ट आहे."

"कबुतराला लिफ्ट कशाला लागते?"

पण मुलगा ऐकण्यातला नव्हता. तो गेल्यावर ताईंनी मामांना समोर बसवलं. त्या दिवशी भांडणाचा विषयच निघाला नाही.

"बाळ्या, मला इथून जायचं नाही. मला फक्त झोप यायला हवी. तू एकदा सांग, की ढेकूण नाहीत. तू सांगितलंस तर मी झोपेन."

"ताई, मी दोनदा तपासलंय. आढळले नाहीत."

"आढळले नाहीत म्हणजे असतील!"

"असं कुठे म्हणालो मी?"

"नाहीत असंही कुठे म्हणालास?" ताईंचा आवाज चढला. "अख्ख्या ब्रह्मांडात देव नाही म्हणून छातीठोकपणे सांगतोस. ग्रह बघून आलास? तारे उलटून बघितलेस? आणि माझा पलंग सहा बाय चारचा, तो डोळ्यांसमोर आहे, आणि त्याच्याबद्दल तुझी दातखीळ बसते!"

चौतीस वर्षांत हे दोन्ही विषय मामांच्या एकाच तोंडात सुखाने राहत आले होते, आणि त्यांची एकमेकांशी कधी ओळखच झाली नव्हती.

"ते वेगळं," ते म्हणाले.

"काय वेगळं?"

"सांगतो नंतर," म्हणून मामा उठले. घरी जाताना रस्त्यात त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. पटेना. आणि त्याहून वाईट म्हणजे, रविवारनंतर संध्याकाळी सहा वाजता आपण कुठे जाणार, हेही त्यांना सुचेना.

दुसऱ्या दिवशी ते वळकटी घेऊनच ताईंकडे हजर झाले. "रिकाम्या पलंगाची तपासणी खरी नसते," ते म्हणाले. "ढेकूण माणसाच्या उबेला येतो. तू पलंगावर झोपत नाहीस, मग मी झोपतो. तीन आठवडे. आमिष म्हणून."

"आणि बायको काय म्हणाली?"

"बरं म्हणाली."

मामांनी पलंग भिंतीपासून हातभर ओढला. चारी पायांखाली गुळगुळीत वाट्या ठेवल्या आणि त्यांत पावडर भुरभुरवली. वर चढायला निघालेला ढेकूण त्यांत घसरला की त्याला बाहेर पडता येत नाही. गादीवर पांढरीशुभ्र चादर घातली. कपाटाचे खण, खिडकीच्या चौकटी, बटणांची झाकणं, घड्याळ, सगळं उघडून पाहिलं. शेवटी ते पलंगाच्या डोक्याशी लावलेल्या देवाच्या मोठ्या तसबिरीकडे वळले.

"हात लावायचा नाही," ताई दारातून म्हणाल्या.

"अगं, तसबिरीमागे तर त्यांची आवडती जागा असते."

"तुझ्या हाताने नाही. लोकांच्या घरी काय करायचं ते कर. ही माझ्या सासूबाईंच्या वेळची आहे, आजवर खाली उतरलेली नाही. आणि तू तिच्यामागे बघून उद्या बाकावर सांगत सुटशील, की बहिणीच्या घरीसुद्धा भिंतच निघाली."

मामांनी हात मागे घेतला, कारण तसं सांगायचा त्यांचा अगदीच विचार नव्हता असं नाही.

तीन आठवडे ते त्या तसबिरीखाली झोपले. झोपले म्हणजे कसे, घोरले. रोज सकाळी ताई खुर्चीतून उठून लाल डोळ्यांनी आत यायच्या आणि म्हणायच्या, "शोभतं का रे? देवावर विश्वास माझा आणि त्याच्या पायाशी झोप तुला!"

"माझी आणि त्याची भांडणं नाहीत," मामा जांभई देत म्हणायचे. "नसलेल्या माणसाशी काय भांडणार?"

मग भिंग घेऊन चादर तपासायची, वाट्या तपासायच्या. पहिल्या आठवड्यात वाट्यांत एक मुंगी मिळाली. दुसऱ्यात ताईंचा हरवलेला मणी. तिसऱ्यात काही नाही. मामांच्या अंगावर एक पुरळ नाही, चादरीवर एक काळा ठिपका नाही. रात्री आमिष आणि दिवसा शिकारी, अशी दुहेरी नोकरी करून शनिवार उजाडला. उद्या रविवार.

शनिवारी दुपारी ताईंनी बॅग काढली. तिच्यात दोन साड्या घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. मामा पलंगाच्या कडेवर बसून बघत होते.

"सांगतोस?" ताईंनी न बघताच विचारलं.

"एक जागा राहिलीय," मामा म्हणाले आणि तसबिरीकडे बोट दाखवलं.

ताई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा तसबिरीकडे आणि एकदा भावाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "उतरवू देईन. पण आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. बाकावरचं नको, धंद्यातलं. पिशवी घेऊन आला आहेस असं समज. मी गिऱ्हाईक आहे. देव आहे की नाही? तपासणी करून सांग."

मामा हसायला लागले. मग त्यांच्या लक्षात आलं, की ताई हसत नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कोणता देव, ते आधी गिऱ्हाइकाने सांगायचं," ते म्हणाले. "तक्रार नीट सांगितल्याशिवाय मी गादीला हात लावत नाही."

"तोच की. सगळं बघणारा, ऐकणारा, हाकेला धावणारा."

"तो नाही."

"शंभर टक्के?"

"हे बघ ताई, या कपाटात हत्ती आहे का, असं तू विचारलंस, तर मी कोपरे तपासत बसणार नाही. दार उघडेन आणि 'नाही' म्हणेन. वस्तू जेवढी मोठी, तेवढ्या तिच्या खुणा मोठ्या. हाकेला धावणारा असता, तर दवाखान्यांत त्याची पावलं दिसली असती. मी चौतीस वर्षं दवाखान्यांच्या खाटा उलटतोय. हाका पुष्कळ ऐकल्या. धावत येताना नर्स दिसली."

ताईंनी ओठ मुडपले. यजमानांच्या वेळी दवाखान्यात त्यांनीही हाका मारल्या होत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं. मामांना वाटलं, आपण नको तिथे पुठ्ठा घातला.

पण ताई सावरल्या. "आणि दुसरा कुठला असेल तर? धावत न येणारा. नुसता असणारा. मी हाक मारली तर ऐकून घेणारा आणि गप्प बसणारा. तुझ्या बायकोसारखा 'बरं' म्हणणारा."

मामा विचारात पडले. त्यांनी वाकून पलंगाच्या पायाखालच्या वाटीत पाहिलं.

"जो चावत नाही," ते सावकाश म्हणाले, "ठिपका ठेवत नाही, कात टाकत नाही, वाटीत पडत नाही, असा ढेकूण मला कसा सापडणार? त्याच्याबद्दल मी... मला माहीत नाही."

"काय म्हणालास?"

"ऐकलंस तू."

"पुन्हा म्हण."

"माहीत नाही म्हणालो! पण त्याच्यासाठी मी औषधही मारणार नाही आणि दिवाही लावणार नाही. असा ढेकूण असला काय आणि नसला काय, कोणी मला बोलावणं पाठवत नाही."

"ते राहू दे." ताईंच्या चेहऱ्यावर चार महिन्यांत पहिल्यांदा रंग आला होता. "अरे चाळीस वर्षं मी हे ऐकायला चहा पाजतेय तुला. शंभर टक्क्यांतून एक टक्का तरी गळाला!"

"एक टक्का नाही. अर्धा."

"अर्धा तर अर्धा. तेवढ्यात तो मावतो." आणि ताई स्वतः स्टुलावर चढल्या. मामांनी स्टूल धरलं. त्यांनी दोन्ही हातांनी तसबीर उचलून खिळ्यावरून काढली, छातीशी धरली आणि तशाच खाली उतरल्या. "बघ," त्या म्हणाल्या. "पण माझ्या हातात असतानाच बघ."

मामांनी टॉर्च लावला. भिंतीवर एक फिकट चौकोन होता. त्यांनी खिळ्याचं भोक पाहिलं, पोपडे पाहिले, पुठ्ठ्याने चौकटीच्या फटी चाचपल्या. ताई श्वास रोखून उभ्या होत्या, देव त्यांच्या कुशीत. मागच्या लाकडी पट्टीत एक कोळी निघाला. बिचारा कित्येक वर्षं देवाच्या आसऱ्याने खाऊनपिऊन सुखी होता. उजेड पडताच तो तिरीमिरीत भिंतीवरून निघून गेला.

"झालं?" ताईंनी विचारलं.

"झालं."

"मग सांग."

चौतीस वर्षांची सवय जिभेच्या टोकावर येऊन बसली. "तपासणीत आढळले..." मामांनी सुरुवात केली आणि समोर पाहिलं. ताईंच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मागे उघडी बॅग, तिच्यात दोन साड्या. गल्ल्याशेजारी काच लावून टांगलेला तो कागद त्यांच्या डोळ्यांपुढे आला. त्या कागदाने आपली अब्रू गेली होती खरी, पण झोप कोणाची उडाली होती? आपलीच. लॉजमधली माणसं त्या दिवशीही झोपलीच होती.

"नाहीत," मामा म्हणाले.

ताईंना खरं वाटेना. "एकही?"

"एकही नाही."

"शंका नाही ना तुला?"

"शंका आहे. ती असणारच, माझा धंदाच आहे तो." मामांनी टॉर्च, भिंग आणि पुठ्ठा पिशवीत भरला आणि चेन ओढून घेतली. "पण ती मी माझ्याबरोबर घेऊन जातो. तू तिच्याकडे बघू नकोस. इथे तीन आठवडे मी उघड्या पायांनी झोपलो. मला कोणी शिवलं नाही. उद्या कोणी बाहेरून आणलाच, तर मी काय मेलोय का? पंप घेऊन येईन. पण आज, या खोलीत, नाहीत."

ताईंनी तसबीर खिळ्यावर लावली. तिरकी लागली, सरळ केली. मग पलंगावर बसल्या, हाताने चादर चाचपली आणि म्हणाल्या, "थोडी आडवी होऊन बघते. लगेच उठेन."

मामा चहा टाकायला बाहेर गेले. चहाला उकळी येईपर्यंत आतून घोरण्याचा आवाज यायला लागला. मामांच्या घोरण्यापेक्षा मोठा, यात त्यांना शंका नव्हती.

ताई शनिवारी दुपारी झोपल्या त्या रात्री जेमतेम दोन घास खायला उठल्या आणि पुन्हा झोपल्या. रविवारी सकाळी दहा वाजता मुलगा आला, तरी आतून आवाज चालूच होता. मामा दार लोटून बाहेरच बसले होते. भाच्याने घंटीकडे हात नेला, तो त्यांनी वरच्यावर पकडला.

"आईचं आवरलं नाही अजून?" भाच्याने विचारलं.

"हळू बोल. झोपलीय."

"खुर्चीत?"

"पलंगावर."

भाचा दाराला कान लावून उभा राहिला. त्याच्या हातातली रिकामी सूटकेस हळूहळू जमिनीला टेकली. तो कुजबुजत म्हणाला, "मामा, म्हणजे ढेकूण खरंच नाहीत?"

"नाहीत."

"तुम्ही? तुम्ही 'नाहीत' म्हणालात?" भाचा त्यांच्याकडे असा बघू लागला, की जणू मामांनी माळ जपायला घेतली. "कागदावर लिहून द्याल?"

"कागद तिने मागितला नाही. तू कशाला मागतोस? एक कर. तूच आज रात्री इथे राहा, आमच्या दोघांचं भांडण ऐक, आणि उद्या सकाळी तिला विचार, अकराव्या मजल्यावर यायचंय का."

भाच्याने बूट काढायला घेतले. एक बूट काढून झाल्यावर तो थबकला. त्याने मान खाजवली, मग कोपर, मग दुसऱ्या पायाची पोटरी, आणि संशयाने मामांकडे पाहिलं.

मामांच्याही घोट्याला मघापासून खाज सुटली होती. पण ते हललेसुद्धा नाहीत.

"काढ बूट," ते म्हणाले. "आत चल."